शाळेच्या मैदानावर बांधकामाचा ठराव करण्यापूर्वी

प्रति,
बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी शाळांच्या एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) अध्यक्ष व सदस्य, तसेच गावोगावच्या पंच कमिट्यांची मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

सीमाभागातून कोणी खुले पत्र लिहिले की ते भाषेविषयी किंवा सीमाप्रश्नाविषयी असणार, असा आपल्या सर्वांचा समज असतो आणि तो बहुतेक वेळा खराही ठरतो. हे पत्र मात्र शाळेच्या मैदानाविषयी आणि त्यावर एके काळी खेळल्या जाणाऱ्या हॉकीविषयी आहे. मी या भागातील शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून सव्वीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. ज्या गावात सर्वांत जास्त काळ शिकवले, तेथील पंचांनी गेल्या महिन्यात बैठकीला बोलावले म्हणून गेलो. शाळेच्या मैदानाच्या एका अंगाला समुदाय भवन बांधायचे आणि उरलेल्या जागेत लग्नकार्याच्या दिवशी गाड्या लावायच्या, असा विषय होता. मी हॉकीचे नाव काढताच एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "सर, हॉकी खेळून आमच्यातला कोण मोठा झालाय, सांगा बघू." बैठकीत हशा पिकला. मला तेथे धड उत्तर देता आले नाही. ते आज देत आहे, आणि एकाच गावाला न देता सर्वांना देत आहे, कारण मैदान कापण्याचा विचार आता एका गावापुरता राहिलेला नाही.

आमच्यातला मोठा झालेला माणूस म्हणजे बंडू पाटील. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्णपदक जिंकले, त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. चार वर्षांपूर्वी रोमच्या अंतिम सामन्यात याच पाकिस्तानकडून भारत हरला होता, त्यामुळे त्या एका गोलाची किंमत काय होती हे त्या काळी रेडिओला कान लावून बसलेल्यांनाच ठाऊक. गोल मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर केला आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत गोलपोस्ट सांभाळला तो शंकर लक्ष्मण यांनी. ते मूळचे मध्य प्रदेशातल्या महूचे, पण सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावच्या कॅम्पात आहे आणि आपल्यातील कित्येक घरांतील कोणी ना कोणी त्याच फाटकातून भरती होऊन गेलेले आहे. म्हणजे त्या सुवर्णपदकाचे दोन धागे आपल्या शिवारापर्यंत येऊन पोहोचतात, आणि तरीही आपण बैठकीत बसून विचारतो की आमच्यातला कोण मोठा झाला.

आता हा मोठेपणा सुरू कोठे होतो, याविषयी थोडे बोलू द्या. टीव्हीवर आपल्याला खेळाडूची कारकीर्द दिसते ती विसाव्या वर्षानंतरची, म्हणजे निळी जर्सी, राष्ट्रगीत आणि पदक. पण हॉकीचा हात बसतो तो साधारण आठव्या ते बाराव्या वर्षात, म्हणजे मूल तिसरी ते सातवीत असताना. त्या वयात जे मनगट काठीवर फिरायला शिकत नाही, ते पुढे कितीही महागडा प्रशिक्षक मिळाला तरी तितके मोकळे होत नाही, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे तिसरी ते सातवीची मुले असतात कोठे? तुमच्या गावच्या शाळेत. त्यांना रोज सायंकाळी पायी जाता येईल असे मैदान कोणते? तेच, ज्यावर भवन बांधायचे ठरत आहे.

धनराज पिल्ले यांचे उदाहरण घ्या. ते पुण्याजवळच्या खडकीत वाढले. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. फॅक्टरीच्या वसाहतीतील धुळीच्या मैदानावर, मोडक्या स्टिका आणि कोणी तरी टाकून दिलेले चेंडू घेऊन धनराज आणि त्यांचे भाऊ खेळत. तेथून निघालेला हा मुलगा १९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षे भारतासाठी खेळला, आणि चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियन गेम्स अशी त्याची कारकीर्द झाली. १९९८ मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने एशियन गेम्सचे सुवर्ण जिंकले, ते १९६६ नंतर प्रथमच, म्हणजे तब्बल ३२ वर्षांनी. घरात पैसा नव्हता, बूट नव्हते, पण दारापुढे मैदान होते, आणि ते नीट ठेवण्यासाठी नेमलेला माणूस प्रत्यक्ष वडीलच होता. त्या वसाहतीत मैदानाच्या जागी गाड्यांचा तळ असता तर त्या मुलाने काय केले असते, याचा विचार पंचांनी करून पाहावा.

यावर कोणी म्हणेल की आता हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळतात, मातीच्या मैदानाचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर हॉकी झाली, आणि आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारत तेथे सातवा आला. त्या एका बदलाने आपल्या देशाच्या हॉकीचे कंबरडे मोडले, असे मानणारे पुष्कळ आहेत. मी स्वतः इतक्या टोकाला जात नाही, पण टर्फ काय करते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात निवड चाचणीला गेलो होतो. आमच्या मैदानावर तिच्या काठीतून चेंडू काढून घेणे मुलांनाही जमत नसे. टर्फवर नुकतेच पाणी मारलेले होते आणि ती त्यावर आयुष्यात पहिल्यांदाच उतरत होती, पायांत कापडी बूट घालून. पहिला पास आला. आमच्याकडे चेंडू खड्ड्याखड्ड्यांतून उड्या घेत येतो, म्हणून मुले काठी किंचित उचलून, उसळीचा अंदाज घेत उभी राहतात. येथे चेंडू उसळलाच नाही. तो ताटावरून घरंगळल्यासारखा सपाट आणि दुप्पट वेगाने आला आणि काठीच्या खालून निघून गेला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्या वेळी तिने काठी अगदी जमिनीला टेकवली, गुडघे वाकवून खाली गेली आणि चेंडू अडवला. म्हणजे दोन चुकांत तिला टर्फ कळले होते. पण तोवर निवड करणाऱ्यांनी वहीत काय लिहायचे ते लिहून झाले होते. येताना गाडीत ती मला एवढेच म्हणाली, "सर, आणि एक तास दिला असता तर."

त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की टर्फ हवेच, जिल्ह्याजिल्ह्यांत हवे आणि त्यासाठी सरकारदरबारी भांडलेही पाहिजे, पण टर्फ आले म्हणून मातीचे मैदान रद्द होत नाही. टर्फवर शिकण्यासारखे बाकी होते ते ती मुलगी दोन चुकांत शिकली, ते पाच वर्षे मातीवर घातलेली होती म्हणून. मातीही न पाहिलेल्या मुलाला टर्फवर उभे करून काही होत नाही.

मैदान म्हणजे नेमकी किती जागा, हेही सांगतो, कारण बैठकीत आकडे अंदाजे फेकले जातात. हॉकीचे पूर्ण मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे पन्नास गुंठे. सगळ्याच शाळांकडे एवढी जागा नाही. पण तिसरी ते सातवीच्या मुलांना त्याच्या निम्मे, पंचवीस गुंठे, भरपूर झाले. त्यात पाच-पाच मुलांचे दोन संघ छान खेळतात आणि उलट प्रत्येकाच्या काठीला चेंडू जास्त वेळा लागतो. आपल्या भागातील तांबड्या मातीत मुरूम मिसळून, पावसाळा सरताना ओल असतानाच दोनदा रोलर फिरवला तर असे मैदान मृगापर्यंत टिकते. स्टिक नसेल तर खानापूरच्या जंगलपट्टीतील मुले पेरूच्या किंवा बांबूच्या वाकड्या फांदीने खेळलेली मी पाहिली आहेत, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. एक गंमत अशी की हॉकीच्या स्टिकला एकच बाजू सपाट असते, डावीकडची, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमात बसतच नाही. वर्गात डाव्या हाताने लिहितो म्हणून बोलणी खाणारे पोर आणि उजवे पोर येथे एकाच काठीने एकाच बाजूने खेळतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हॉकीसाठी सरकारने करावे, खात्याने करावे, असे आपण म्हणतो. पण आपल्या भागाने पैलवान घडवले ते सरकारला विचारून घडवले का? तालमीतील माती गावाने टाकली, छपराची कौले गावाने घातली. कोणाच्या घरचे दूध, कोणाचे बदाम, कोणाचे तूप, असा खुराक गावाने पुरवला. यात्रेतील कुस्तीचे मैदान भरवताना पावती फाडायला गल्लीगल्लीतून तरुण फिरले आणि इनामाची रक्कम जाहीर करताना पंचांची छाती पुढे आली. पैलवान एका घरात जन्मतो, पण त्याला पोसते गाव, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. हीच रीत आपण हॉकीच्या पोराला, आणि विशेषतः पोरीला, लावत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

खुराकावरून आठवले म्हणून सांगतो. राणी रामपाल ही हरियाणातील शाहाबादची मुलगी, वडील गाडा ओढून घर चालवत. प्रशिक्षकांनी रोज अर्धा लिटर दूध आणण्याचा नियम केला होता. घरात जेमतेम दोनशे मिलीलीटर परवडत असे, म्हणून ती त्यात पाणी घालून अर्धा लिटर करून नेई. तीच मुलगी वयाच्या पंधराव्या वर्षी २०१० चा विश्वचषक खेळली आणि पुढे तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघ टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा आला, जे १९८० च्या मॉस्कोनंतर कधी घडले नव्हते. आपल्याकडे सकाळी डेअरीत दुधाचे कॅन रांगेने उभे असतात. त्यातून दहा मुलांचे पाच लिटर दूध बाजूला काढणे एखाद्या गावाला जड जाईल, असे मला वाटत नाही.

गावाने खेळाडूला पोसावे असे हॉकीत कोठे होते का, असे विचाराल तर फार लांब जायला नको, आपल्याच राज्यात कोडगूला जा. तेथे पांडंडा कुटप्पा यांनी १९९७ मध्ये कुटुंबाकुटुंबांची हॉकी स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी साठ कुटुंबांचे संघ होते, आता तीनशेहून अधिक उतरतात. दरवर्षी एक घराणे यजमान होते आणि स्पर्धेला त्या घराण्याचे नाव दिले जाते. एकाच संघात आजोबा, सून आणि नातू खेळताना दिसतात. एवढ्याशा त्या जिल्ह्यातून एम. पी. गणेश, बी. पी. गोविंदा, एम. एम. सोमय्या, व्ही. आर. रघुनाथ, एस. व्ही. सुनील असे एकामागून एक ऑलिंपिक आणि विश्वचषक खेळलेले खेळाडू निघाले. सरकार तेच, खाते तेच, बेंगळुरू मात्र त्यांना आपल्याहून जवळ, हे मान्य. पण मुख्य फरक अंतराचा नाही. तेथे हॉकी घराची गोष्ट आहे, आपल्याकडे ती पी.टी.च्या तासाची गोष्ट आहे.

पालकांची काळजी मला समजते. खेळून पोट भरणार का, हा प्रश्न माझ्या वर्गाच्या दारात उभे राहून कित्येक वडिलांनी विचारला आहे. मी त्यांना खोटी आशा कधी दाखवली नाही. शंभर मुले स्टिक धरतात तेव्हा त्यातले एकही भारतासाठी खेळणार नाही, हीच शक्यता जास्त. परंतु भारतीय संघाच्या खाली मोठी उतरंड आहे. रेल्वे, सेनादल, पोलीस, बँका, सार्वजनिक तेल कंपन्या यांचे संघ असतात आणि खेळाडूंच्या राखीव कोट्यातून तेथे पक्की नोकरी मिळते. राज्याच्या संघातून खेळलेल्या मुलासमोर यातील काही दारे उघडी असतात. आपल्या भागातील तरुण आजही भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतातच, त्यांच्या हातात लहानपणीच काठी दिली असती तर धावणे आपोआप झाले असते.

आणि हेही लपवत नाही की या कारकिर्दीचा शेवट नेहमी गोड नसतो. ज्या शंकर लक्ष्मण यांचे नाव वर घेतले, ते १९४७ मध्ये सैन्यात बँडमध्ये दाखल झाले होते. तेथून ते तीन ऑलिंपिक खेळले आणि दोन सुवर्ण व एक रौप्य घेऊन आले. गोलकीपर असून ते भारताचे कर्णधार झाले आणि १९६६ चे एशियन गेम्स त्यांच्याच नेतृत्वाखाली जिंकले. त्या काळी तोंडावर जाळी नाही, छातीला कवच नाही, दीडशे ग्रॅमहून जड चेंडू अंगावर येत असे. अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. १९६८ च्या ऑलिंपिकसाठी निवड झाली नाही तेव्हा त्यांनी खेळ सोडला आणि १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून सैन्यातून निवृत्त झाले. २००६ मध्ये महूला पायाच्या गँगरीनने, हलाखीत त्यांचा अंत झाला. ज्या पायांनी ऑलिंपिकचा गोल राखला, त्या पायाच्या उपचाराला वेळेवर कोणी धावले नाही. हे मुलांना सांगावे की नाही, असा प्रश्न मला पडत असे. मी सांगत आलो, कारण खेळाडू खेळत असतो तेव्हा त्याच्यामागे उभे राहणारे गाव तो थांबल्यावरही उभे राहिले पाहिजे, हे त्या मुलांनी मोठेपणी पंच झाल्यावर लक्षात ठेवावे, अशी माझी इच्छा होती. त्यातील काही जण आता खरोखरच पंच आहेत आणि त्या दिवशीच्या बैठकीत हसणाऱ्यांतही होते.

आणखी एक बारीकशी वाटणारी गोष्ट. वयोगटाच्या स्पर्धेत मूल उतरवायचे तर कागद लागतात आणि आपल्या भागात कागद हीच मोठी डोकेदुखी आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, आणि जन्मदाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत जाताना तिसऱ्याच तऱ्हेने झाले होते. दुरुस्तीसाठी त्याच्या माउलीने एका कचेरीत सात खेपा घातल्या आणि आठव्या खेपेला स्पर्धाच संपली होती. एसडीएमसीने दरवर्षी जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळीच, पाचवीतील प्रत्येक मुलाचे तीनही कागद शेजारी ठेवून एकदा ताडून पाहिले तर याला एक पैसा लागत नाही.

माझे मागणे एवढेच आहे. समुदाय भवनाला माझा विरोध नाही, आपल्या लेकीबाळींची लग्ने दारात पाऊस पडत असताना मंडपात उरकावी लागतात हे मीही भोगले आहे. परंतु भवनासाठी गायरानात, गावठाणाच्या कडेला किंवा जुन्या चावडीच्या जागी सोय पाहावी, आणि शाळेच्या आवारातील पंचवीस गुंठे खेळासाठी राखून त्यावर काहीही न बांधण्याचा ठराव वहीत लिहून त्याखाली सर्वांनी सह्या कराव्यात. लक्ष्मी यात्रेला घरटी किती खर्च होतो ते आपण सारे जाणतो, त्या वर्गणीतून एक लहानसा भाग, हिशेब दाखवून, दहा स्टिका, गोलकीपरचे एक पॅड आणि दुधासाठी बाजूला काढावा. मुलीला दहावीनंतर मैदानावरून घरी बोलावून घेण्याची घाई करू नये. आणि यात्रेतील कुस्तीच्या मैदानाच्या आदल्या दिवशी पंचक्रोशीतील शाळांचा हॉकीचा एक सामना ठेवावा, भले इनाम म्हणून नारळ आणि फेटा असेल.

ज्या गावच्या बैठकीने हे पत्र लिहायला लावले, त्या गावच्या पंचांना वेगळे एक सांगणे आहे. भवनाची आखणी करण्यासाठी इंजिनिअर येणार आहेत, ती तारीख मला कळवावी. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता मी शंभर फुटी टेप घेऊन मैदानावर येतो. चुना शाळेच्या कपाटात आहे, किल्ली हेडमास्तरांकडे असते. भवनाच्या रेषा पडण्याआधी एकदा हॉकीच्या रेषा मारून पाहू आणि पंचांनी त्या रेषांच्या आत उभे राहून भवन कोठे बांधायचे ते ठरवावे. मुलांना मी आधीच निरोप दिला आहे, ती काठ्या घेऊन येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव